नागपूरचा मालक

भातकुली रोडवरच्या लेआउटमध्ये टिनाचं शेड ठोकून राहायला गेलो तेव्हा नवरा म्हणाला होता, सहा महिने. सहा महिन्यांत स्लॅब पडेल म्हणाला आणि मी मान डोलावली, कारण भाड्याच्या खोलीत घरमालकिणीची बोलणी ऐकून माझे कान किटले होते. भाडं आणि बांधकाम एकाच वेळी झेपणार नव्हतं. म्हणून आपल्या प्लॉटच्या कोपऱ्यात टिन टाकायचे, तिथंच राहायचं आणि डोळ्यांसमोर घर उभं करायचं. अमरावतीच्या कडेकडेनं कितीतरी घरं अशीच उठली आहेत. त्यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं. लाज आम्हाला नंतर समोरच्या बंगल्यातून मिळाली.

आम्ही दोन उन्हाळे त्या टिनाखाली काढले. मी अकोल्याची, उन्हाचं कौतुक मला कोणी सांगू नये. पण अकोल्यात डोक्यावर छत होतं, इथं तवा होता. टिनांवर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या अंथरल्या, वर ओली पोती टाकली, तरी दुपारी पाण्याच्या माठाला हात लावला की कोमट लागायचा. पावसाळ्यात काळी माती चपलेला धरून घरात यायची आणि पाऊस टिनांवर असा आदळायचा की शेजारी बसलेल्या लेकीशी ओरडून बोलावं लागे. न्हाणीला भिंती नव्हत्या. कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं जुनं फ्लेक्स चारी बाजूंनी बांधलं होतं आणि हात जोडलेला त्याचा चेहरा नेमका आतल्या बाजूला आला होता. दोन वर्षं मी त्या माणसाकडे पाठ करून आंघोळ केली. हे सगळं मी सहन केलं असतं, हसत केलं असतं.

आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरच्या बंगल्यातले साहेब आले. कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले, गावाकडे शेती असलेले, गल्लीतले मोठे गृहस्थ. आमच्या कुंपणाची तार त्यांनी काठीनं हलवून पाहिली. नवरा अँगलला नट कसत होता, मी चूल मांडत होते.

"मांगच्या प्लॉटवर बी असेच टिन टाकून आलते एक जन," साहेब म्हणाले. "कुठले लोक, कोन जातीचे, काई पत्ता नाई. म्हने घर बांधू. आमी सारे मिळून कार्पोरेशनात गेलो, म्हटलं झोपडपट्टी होऊन राह्यली. उठवलं त्याइले." मग त्यांनी नवऱ्याला खालून वर न्याहाळलं. "तू चौकीदार हायेस ना? मालक कोन हाय?"

मी वाट पाहत होते की तो आता सांगेल. त्यानं पाना खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाला, "हो साहेब. मालक नागपूरले राह्यतेत."

साहेबांनी मालकाचं आडनाव विचारलं. नवऱ्यानं त्या गल्लीत चालेल असं एक आडनाव सांगितलं. ते आमचं नव्हतं. आमचं आडनाव ऐकलं असतं तर साहेबांना पुढचं काही विचारावं लागलं नसतं. "मंग त आपल्यातलेच हायेत," म्हणत ते खुशीत परत गेले.

ते गेल्यावर मी विचारलं, "हे काय केलं तुमी?"

"बांधू देतीन का मंग? सांग."

मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे की त्याचं खरं होतं. चौकीदाराचं शेड गल्लीला चालत होतं. तेच शेड, तेच टिन, तीच माणसं मालक म्हणून राहिली की झोपडपट्टी होत होती. तरी मी त्याच्याकडून वचन घेतलं. घर पूर्ण होईपर्यंत मी गप्प राहीन, पण घरभरणीच्या दिवशी साहेबांसमोर तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगायचं, हे घर माझं आहे. मी नाही सांगणार, लेक नाही सांगणार, तुम्ही सांगायचं. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

मग सुरू झाला चौकीदाराचा संसार. नवरा भातकुलीला सरकारी कचेरीत कारकून. इस्त्रीचा शर्ट तो पिशवीत घालून न्यायचा, विटक्या बनियनवर जुना सदरा घालून गल्लीतून निघायचा आणि कचेरीत जाऊन बदलायचा. मी खाजगी शाळेत शिकवते. सकाळी डबा घेऊन निघायचे, तर साहेबीणबाईंनी परस्पर ठरवून टाकलं की ही चार घरची कामं करते. एकदा फाटकातून हाक मारून म्हणाल्या, "अवं, आमची भांडेवाली येऊन नाई राह्यली. तू येतं काय? तुले बी दोन पैसे भेटतीन." मी आदल्या रात्रीच पोरांच्या निबंधांच्या वह्या तपासल्या होत्या. "येळ नाई बाई," एवढंच म्हणाले. त्यावर साहेबीणबाई शेजारच्या बाईला म्हणाल्या, "काय माज असते बाप्पा या लोकाइले." मला ऐकू येईल इतपत मोठ्यानं म्हणाल्या.

आणि तो नागपूरचा मालक! त्याची काय इज्जत होती गल्लीत! दिसला नाही, बोलला नाही, पण सगळ्यांना आवडायचा. भला माणूस आहे म्हणायचे, लेआउटला शोभेल असं घर बांधतो आहे म्हणायचे. पाया खोदला तेव्हा साहेब रोज येऊन उभे राहत. काळ्या मातीत कॉलम खोल घे, नाहीतर भिंतीला भेगा पडतील, मालकाले माझं नाव सांग, असं त्यांनीच बजावलं. सल्ला बरोबर होता, आम्ही तो ऐकला. भिंतींना अजून एक भेग नाही, आणि याचंसुद्धा मला सुख नाही. स्लॅब पडल्यावर मी शाळेतून येऊन पाइप धरून सिमेंट पक्कं व्हावं म्हणून तराईचं पाणी मारायचे, तर साहेब गॅलरीतून ओरडायचे, "मालकाचं घर हाय, पानी कमी पडू देऊ नको!" संक्रांतीला साहेबीणबाईंनी मालकिणीसाठी तिळगुळाचा डबा पाठवला. लेकीनं लाडू खाल्ले. मी एकही तोंडाला लावला नाही.

सुरुवातीला आम्ही रात्री यावर हसायचो, हे खरं आहे. नवरा पाय पसरून म्हणायचा, "चाय कर वं, मालक आले नागपूरहून." मग हसणं कमी होत गेलं आणि मालक तेवढा उरला. खिडक्यांच्या जाळीचा विषय निघाला की म्हणायचा, "मालकाले विचारावं लागन." मिस्त्रीसमोर म्हणायचा, ते समजू शकते. एकदा घरात, फक्त माझ्यासमोर, दाराच्या रंगावरून भांडताना म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिले. तो थट्टा करत नव्हता.

"कोन मालक?" मी विचारलं.

"अवं, सवयीनं निघालं."

"मी कोनाची बायको हाय मंग? चौकीदाराची का मालकाची?"

"होऊ दे ना घरभरनी. सांगतो ना."

घरभरणीचा दिवस आला. सकाळी आमची माणसं जमली, अकोल्याहून आई आली, भंतेजी आले. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती ठेवली, दारावर पंचशील ध्वज लावला, वंदना झाली, परित्राण पाठ झाला. माझ्या सासरच्या कुणाच्याच नशिबात स्लॅबचं घर नव्हतं आलं. सासूबाई भिंतीवरून हात फिरवत सगळ्या खोल्या हिंडल्या. गल्लीतल्यांना जेवणाला बोलावलं होतं, दुपारी. निमंत्रण नवऱ्यानंच दिलं होतं, "मालकाकडे घरभरनी हाय, या." मी चिडले तर म्हणाला, "आले पायजेत ना, मंगच त सांगता येईन." मला पटलं. त्यानं नवा पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा, घरातून घालून घराबाहेर उभा. किती दिवसांनी मी त्याला तसं पाहत होते. मला तो फार आवडला त्या दिवशी, हेही सांगून टाकते.

साहेब आले, साहेबीणबाई आल्या, मागून गल्लीतले आणखी चार-पाच जण. बाईंच्या हातात चकचकीत कागदात गुंडाळलेला आहेर होता. साहेब पायरीपर्यंत आले आणि त्यांना दारावरचा ध्वज दिसला. मग उघड्या दारातून मूर्ती दिसली. त्यांचा पाय पायरीवर तसाच थांबला. त्या क्षणी त्यांना सगळं कळलं होतं, मी शपथेवर सांगते. पण माणसाला तोंडावर विचारून उघडं पाडण्यात एक मजा असते, ती ते सोडणाऱ्यातले नव्हते.

"मालक कुठी हायेत रे?" त्यांनी विचारलं.

वाक्य छोटं होतं. मीच हाय मालक. दोन वर्षं मी ते वाक्य मनात ऐकत आले होते, टिनाखाली भाजताना, त्या फ्लेक्सकडे पाठ करून अंगावर पाणी ओतताना. नवऱ्यानं शर्टाची बाही सारखी केली, मान खाली घातली आणि म्हणाला, "रस्त्यात हायेत, साहेब. येतच असतीन."

साहेबांवर मी पुढे कितीही चिडले असेन, त्या घटकेला मला साहेब दिसलेच नाहीत. मला माझा नवरा दिसत होता, स्वतःच्या पायरीखाली चपला घालून उभा, कोण्या नागपूरच्या माणसाची वाट पाहत. त्याला तरी मी काय म्हणणार? टिन त्या दिवशी सकाळीच उतरवले होते, ते कंपाउंडला टेकवून ठेवले होते. तो मात्र अजून त्यांच्याखालीच होता.

मी दारात आले. "रस्त्यानं कोनी येऊन नाई राह्यलं साहेब," मी म्हणाले. "मालक हे काय उभे हायेत. मी मालकीन हाय. जेवाले या."

साहेबीणबाईंनी आहेराचं पुडकं पदराखाली घेतलं. मागची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. साहेब आत आले नाहीत आणि गेलेही नाहीत. मी त्यांच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. मी नवऱ्याला म्हणाले, सगळ्यांसमोर, "चपला काढा अन् आत या. घर तुमचं हाय."

त्यानं चपला काढल्या. तो आला, पण पायरी चढण्याआधी त्यानं एकदा साहेबांकडे पाहिलं.