विहिरीत शिकलेलं पोहणं

आमच्या गावात "डबा सुटला का?" असं विचारलं की परका माणूस गोंधळतो. पोरगं दुकानावर एकटं बसायला लागलं, नव्या सुनेला भाकरी थापता यायला लागली, की आम्ही म्हणतो, सुटला बरं का डबा. हा शब्द गावाला उकंडमामांनी दिला. गाव सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याला लागून, पण पोहायला आम्ही सगळे शिकलो ते किशनरावांच्या विहिरीत, आणि शिकवणारा माणूस एकच.

मामांची रीत अशी. तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा, झाकण गच्च लावलेला, पोराच्या पाठीला बांधायचा आणि द्यायचं विहिरीत ढकलून. तीन दिवस डबा. चौथ्या दिवशी मामा बांधल्यासारखं करायचे, पण गाठ मारायचेच नाहीत. पोरगं उडी मारायचं, जिवाच्या आकांतानं हातपाय झाडत समोरच्या पायरीला लागायचं, आणि वळून पाहिलं की डबा मामांच्या हातात! मामा तो डबा बडवत ओरडायचे, "सुटला रे, सुटला!" वर बसलेले सगळे टाळ्या पिटायचे.

मी नऊ वर्षांची असताना माझ्या वडिलांनी मला त्यांच्याकडे धाडलं. पोरीची जात विहिरीत उतरणार म्हणून गावानं नाकं मुरडली. मामा म्हणाले, "पाण्याला काय ठावं पोरगी हाय का पोरगं?" माझा डबा पाचव्या दिवशी सुटला. मामांचा मुलगा विजयकुमार माझ्याच वयाचा. त्याचा चौथ्या दिवशी सुटला, आणि तो एक दिवस त्यानं मला पुढची वीस वर्षं ऐकवला.

मामांच्या आधी त्यांच्या आईची तीन लेकरं गेली होती. म्हणून हे जन्मल्याबरोबर त्यांना उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव ठेवलं उकंडा. राव मागून लागलं. मामा आपल्या नावाची स्वतःच टिंगल करत. पण त्यांना आणि गोजरमामींना लग्नानंतर बारा वर्षांनी जो एकच मुलगा झाला, त्याचं नाव त्यांनी हौसेनं शोधून विजयकुमार ठेवलं. दृष्ट लागेल म्हणून कुणी वेडंवाकडं नाव सुचवलं, तर मामी भांडायला उठायच्या.

चार वर्षांपूर्वी आमच्या शिवारात पर्यटन आलं. आलं म्हणजे एका ठेकेदारानं पाण्याकाठी पत्र्याचं शेड मारलं, एक मोटरबोट आणली, पायानं चालवायच्या, बदकाच्या तोंडाच्या सहा होड्या आणल्या आणि एक सेल्फीची कमान उभी केली. औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन लोक दुपारचे इकडे वळू लागले. हिवाळ्यात पक्षी बघायला दुर्बिणी घेऊन यायचे, हुरडा खायचे, पाण्यात पाय सोडून बसायचे. जिथं आमच्या म्हशी डुंबायच्या तिथं बायका रांगेत उभ्या राहून फोटो काढायच्या. आम्हाला हसू यायचं, पण बरंही वाटायचं. आपल्या गावाला बघायला कुणी येतंय, ही गोष्टच नवी होती.

ठेकेदाराला पोहणारा माणूस हवा होता. विजय लागला. गोजरमामींनी शेडच्या बाजूला भज्यांची गाडी लावली. विजयला एक नारिंगी जॅकेट मिळालं होतं, ते तो खुंटीला टांगून ठेवायचा. एकदा मीच त्याला म्हटलं, घालत जा की. बाजूला मामा होते. ते हसले. "जॅकेट घालून पाण्यात उतरंल तो उकंडरावचा पोरगा कसला!" विजयही हसला. मीही हसले, हे लिहून ठेवते.

आता मला जे माहीत होतं ते सांगते. बी. एड.ला नांदेडला असताना मी मैत्रिणींबरोबर तिथल्या जलतरण तलावात गेले होते. मोठ्या तोऱ्यात उडी मारली, आणि अर्ध्यात गेल्यावर माझा श्वासच संपला. काठ दोन्हीकडे सारखाच लांब. तिथल्या मॅडमनी मला बांबूनं ओढून काढलं आणि विचारलं, "दमल्यावर उताणं पडून तरंगता येत नाही तुला?" मला ते कुणी शिकवलंच नव्हतं. विहिरीत त्याची गरजच काय? आठ-दहा हात मारले की पायरी. आम्ही सगळे विहिरीत शिकलेले जीव तोडून हातपाय मारत होतो, कारण काठ नेहमी हाताशी होता.

गावी आल्यावर मी हे मामांना सांगितलं. पण सांगितलं कसं, तर माझी फजिती म्हणून, हसत हसत. मामा म्हणाले, "पाण्यावर उताणं पडायला ती काय बाज हाय?" विषय संपला. मी शिक्षिका झाले. पुसेगावच्या शाळेत पोरांना एकच गोष्ट दहादा समजावते. मामांना मात्र दुसऱ्यांदा सांगायला गेले नाही.

गेल्या वर्षी सव्वीस जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या होत्या. काठावर जत्रा भरल्यासारखी गर्दी. मामा हट्टा गावाला सोयऱ्यांच्या लग्नाला गेले होते. मोटरबोट माणसं घेऊन पलीकडच्या अंगाला होती. दुपारी वारा सुटला आणि एका बदकाची दोरी सुटून ती होडी आत जाऊ लागली. होडीत कुणी नव्हतं. रिकामं, प्लास्टिकचं बदक.

विजयनं चपला काढल्या आणि उडी मारली.

वारा होडीला पुढे पुढे नेत होता. हा जवळ जायचा, ती चार हात सरकायची. काठावरच्या लोकांना मजा वाटली. ते शिट्ट्या मारू लागले, मोबाईल काढले. ते चित्रीकरण मी पाहिलंय, पाहू नये असं चारजणांनी सांगितलं तरी पाहिलंय. त्यात विजय किशनरावांच्या विहिरीत पोहायचा तसाच पोहतोय, सगळा जोर लावून, मान वर काढून. मग तो थांबतो आणि मागे वळून बघतो. मागे पायरी नाही. काठ इतका लांब की तिथून माणसं बोटाएवढी दिसत असतील. तो हात वर करतो. काठावरची दोन लेकरं त्याला उलट हात हलवतात. कुणीतरी म्हणतं, "टाटा करतोय, टाटा कर!" तो पुन्हा हात वर करतो. तिसऱ्यांदा वर होत नाही.

सादिकभाई मासे धरायला थर्माकोलच्या तराफ्यावर बरेच लांब होते. ते पोचेपर्यंत पाणी सपाट झालं होतं. तासाभरानं त्यांनीच विजयला बाहेर आणलं. बदक दुसऱ्या दिवशी आपोआप काठाला लागलं. त्याला साधा ओरखडासुद्धा नव्हता. मला त्या बदकाचा आजही इतका राग येतो की शाळेच्या वहीत पोरांनी बदक काढलं तरी मी पान उलटते.

गोजरमामींनी सगळ्यांना एकच सांगितलं, लेकराला आसरांनी नेलं. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया, ज्या चांगला गडी पाहून ओढतात, असं आमच्याकडे मानतात. "माझ्या लेकराला पव्हता येत व्हतं," मामी म्हणायच्या. "येता-जाता इहिरीत उड्या मारणारं पोरगं बुडतं का कुठं? नाव तरी दगड्या ठिवायला पायजे व्हतं म्या, मंग न्हाई नेलं असतं." त्यांना या गोष्टीचा आधार होता. मी कोण तो काढून घेणारी?

 उन्हाळा आला, पोरं डबे घेऊन मामांच्या दारात आली. मामांनी त्यांना हाकलून लावलं. एके दिवशी मी गेले तर त्यांनी मला ओट्यावर बसवून हळूच विचारलं, "ते नांदेडचं सांग बरं. उताणं कसं पडतेत?" मी सांगितलं. मान मागं टाकायची, छाती फुगवायची, अंग सैल सोडायचं. पाणी आपोआप धरतं. मामा ऐकत राहिले. मग म्हणाले, "इतकंच?"

"इतकंच, मामा."

त्यानंतर त्यांचं जेवण तुटलं. मला कळत होतं त्यांच्या आत काय चाललंय. खरं मामींना सांगावं की त्यांना आसरांच्या भरवशावर राहू द्यावं, यातच ते झुरत होते. मी म्हटलं, "सांगू नका मामा. आता काय उपयोग?" ते म्हणाले, "ती रोज त्या बायांना शिव्या देती, पोरी. त्या शिव्या माझ्या हायेत."

वर्ष भरलं तेव्हा मामींनी आसरांची ओटी भरायचं ठरवलं. हिरव्या बांगड्या, खण, हळद-कुंकू, दहीभात. त्यांनी मला सोबतीला बोलावलं. मामा न बोलावता मागून आले. सकाळची दहाची वेळ, पर्यटक यायला सुरुवात झाली होती. ठेकेदारानं बदकांना नवा पिवळा रंग दिला होता. मामी पाण्याशी वाकल्या आणि म्हणाल्या, "नेलं ते नेलं, बायांनो. आता नीट ठिवा तेला."

"तिथं कोणी न्हाई, गोजर," मामा म्हणाले.

मामींनी वळून पाहिलं.

"आसरानं न्हाई नेलं. पोरगं दमलं व्हतं. दमल्यावर काय करायचं ते म्या तेला शिकवलंच न्हाई. मलाच ठावं नव्हतं. ह्या पल्लवीनं सांगितलं व्हतं, तर मी हसलो."  मी त्यांचा दंड धरला.

मला वाटलं मामी आता हंबरडा फोडतील, त्यांना बोल लावतील. मलाही लावतील, आणि तो मी ऐकून घेणार होते. पण त्या खाली बसल्या. ओटीचं ताट मांडीवर ओढलं. मग त्यांनी विचारलं, "आन मला काहून न्हाई शिकवलं?"

मामांना प्रश्नच कळला नाही.

"तीन गावचे लेकरं शिकवले तुमी. ही पल्लवी शिकवली. मला काहून न्हाई? मी काठावरच व्हते त्या दिशी. ह्या समद्यांला वाटलं तो टाटा करून राहिला. मला बराबर कळलं व्हतं. तो 'आई' म्हणून राहिला व्हता. मी कमरेइतकी गेले पाण्यात आन तिथंच उभी राह्यले."

मामा तिथंच ओल्या मातीत बसले. मामींनी ताटातला दहीभात बोटांनी कालवला, एक घास पाण्यात सोडला आणि म्हणाल्या, "घे बाबा, आईला येता येत न्हाई तिकडं."