झडपेखालची खाट

इस्पितळात त्याला सगळे झडपवाला म्हणत. गार हवेचे पत्र्याचे डक्ट जिथे भिंत ओलांडतात, तिथे त्यांच्या पोटात एक लोखंडी झडप असते. एरवी ती उघडी. तिला धरून ठेवणारी कडी अशा धातूची, की आग लागून डक्ट तापला की ती वितळते, स्प्रिंग झडपेला खेचून बंद करते आणि धूर पलीकडच्या पलीकडे अडतो. वीज नको, माणूस नको. पण वर्षानुवर्षं हललीच नाही, तर झडपही आखडते. बिजागरीला गंज चढतो, पात्यांवर धूळ साचते, कडीवर कुणी रंगारी उगाच हात फिरवून जातो. म्हणून हा शिडीवर चढून कडी काढायचा, झडप पाडून बघायचा, पुसून तेल द्यायचा, पुन्हा उघडून अडकवायचा. ज्याचं काम आग लागल्यावरच दिसायचं, त्याला एरवी कोण विचारतो?

खालच्या वॉर्डातली झडप त्याने पाडली, तेव्हा ती अर्ध्यावरच अडकली होती. पलीकडे कपडे वाळवायची खोली, तिथे रात्रंदिवस गरम यंत्रं चालतात. तो सुटे भाग येण्याची वाट बघत राहिला आणि तेवढ्यात ठेकेदाराने नवं गुळगुळीत छत ठोकून झडपेपर्यंत हात घालायचं दारच बुजवून टाकलं.

"छत फोडायचं तर वॉर्ड रिकामा हवा," साहेब म्हणाले. "आपला वॉर्ड कधी रिकामा बघितलायस?"

त्यांचंही खरंच होतं. साहेबांनी वर कळवलं, वरच्यांनी आणखी वर. छत जिथल्या तिथे.

मग त्याची बायको घसरून पडली, कमरेचं हाड मोडलं आणि तिला खाट मिळाली ती नेमकी त्या झडपेखाली, छतातून गार हवा सोडणाऱ्या जाळीच्या खाली. कूस बदलायलाही तिला दोन माणसं लागत.

"अहो, सारखं वर काय बघता? माझ्याकडे बघा की जरा!"

तो हसला, पण नजर पुन्हा वर गेली. त्याने सिस्टरला सगळं सांगितलं. हात जोडले.

"मी काय छत फोडू, काका?" ती कावली. तरी दुपारी तिनेच वरच्या मजल्यावर एक खाट मिळवून दिली.

स्ट्रेचर दाराबाहेर पडतंय तोच चादर बदलली गेली. एक म्हातारी आली, तिचा मुलगा सोबत.

"देवासारखे भेटलात," तो म्हणाला. "कुठेच जागा नव्हती."

"ती... दाराजवळची मिळते का बघा," झडपवाला कसाबसा म्हणाला. "या झडपेचं काही खरं नाही. आग लागली तर धूर इथेच येईल."

मुलाने वर बघितलं. मग भरलेल्या वॉर्डाकडे बघितलं.

"मग आम्ही जायचं कुठे?"

म्हातारी मात्र जाळीकडे तोंड करून म्हणाली, "छान वारा येतोय रे. इथेच राहू दे."