कुसुमआत्याचं परवा

आत्या गेल्याचं कळलं तेव्हा मी इराचा डबा भरत होते. चिक्कडपल्लीहून तिच्या खालच्या मजल्यावरच्या लक्ष्मीअम्मांचा फोन आला. "चहाला हाक मारली, उठल्याच नाहीत..." मी पोळी हातात घेऊन तशीच उभी राहिले आणि, खरं सांगते, आधी मनात आलं, सुटली! अंथरुणाला खिळायची तिला फार धास्ती होती. "कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागायला नक्को बाई," म्हणायची. तिच्या मनासारखं झालं. रडू आलं ते नंतर, रिक्षात बसल्यावर. आणि रडता रडता एकच घोर लागला, इराला कसं सांगायचं? आत्याच्या जोरावर सावरलेली पोर पुन्हा मिटून बसली तर?

इरा माझी लेक, सात वर्षांची. पुण्याहून आम्ही हैदराबादला, तारनाक्याला राहायला आलो तेव्हा नव्या शाळेत ती सगळ्यांत बुटकी निघाली. गॅदरिंगच्या नाचात बाईंनी तिला बालवाडीच्या चिमण्यांमध्ये उभं केलं, आणि झालं! शाळेचं नाव काढलं की तिच्या पोटात दुखायचं. आल्यागेल्याला एकच प्रश्न, "मी मोठी कधी होणार?" दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा मारून मारून चौकट काळी केली. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, वेळ आली की वाढेल. पण वेळ येईपर्यंत करायचं काय, ते कोण सांगणार? मी मुळातच उतावळी, माझ्याच्यानं तिची समजूत निघणं कठीण होतं.

तेव्हा आत्या आली, पदराच्या टोकाला कढीपत्त्याची काळी पिकली फळं बांधून. सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात तिनं सगळी नोकरी केली, लग्न केलं नाही, पण पोरांशी बोलायची ती बरोबरीच्या माणसाशी बोलावं तशी. इराकडून तिनं फळांचा गर काढून घेतला, कुंडीत बिया लावून घेतल्या. "कधी उगवेल?" इरानं विचारलं. "परवा उगवेल की!" म्हणाली आणि बस धरायला निघून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बाल्कनीत कुंडी उकरलेली, बिया तळहातावर आणि इरानं भोकाड पसरलेलं. "आत्याआजी खोटं बोलली! आज परवा आहे!" फोन लावला. आत्या एवढी हसली की तिला ठसका लागला. "अगं माझे बाई, ते तुझं पुण्याचं परवा! आमचं हैदराबादचं परवा वेगळं असतं." आता लेकराला हे काय कळणार? इथल्या दखनी बोलीत 'परसों' म्हणजे कधीही. मागच्या साली झालेलं लग्न परसों, पुढच्या साली होणारंही परसोंच. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून माझ्या माहेरच्या मराठीचं परवासुद्धा तसंच ऐसपैस झालेलं.

संध्याकाळी आत्या मुद्दाम आली. इराला जवळ घेऊन म्हणाली, "चुकलं माझं. पण बियांना कुठं कॅलेंडर वाचता येतं? पुन्हा लाव. आणि माप घ्यायचं नाही हं, ना त्याचं, ना तुझं. कोवळ्याला माप लावलं की ते खुंटतं." इरानं माझ्याकडे पाहिलं, "आई, खरंच?" मी आत्याकडे पाहिलं. ती मला डोळे वटारत होती. "हौ, खरंच," म्हटलं.

मग आठवडेच्या आठवडे नुसती माती. आत्या रविवारी यायची, चहाचा कप घेऊन कुंडीशेजारी बसायची, आत डोकावायचीसुद्धा नाही. इरा पाणी घालायला म्हणून लवकर उठू लागली. उठलीच आहे तर आंघोळ, आंघोळ झालीच आहे तर शाळा... असं करत करत पोटदुखी कधी गेली ते मला कळलंही नाही. एका सकाळी तिनं गुपचूप माझा फोन घेतला आणि कुजबुजली, "आत्याआजी, ते आलंय. हळू बोल."

आत्या गेली त्या दिवशी, ही पोर आता तिच्यावाचून कशी राहील, या काळजीनं मी अर्धी झाले होते. शाळेतून आल्यावर तिला जवळ बसवून सांगितलं. खूप रडली, माझ्या मांडीतच झोपली. दुसऱ्या दिवशी मी उठले, तर कुंडीला पाणी घालून झालेलं आणि बाईसाहेब बूट चढवत होत्या.

या रविवारी आमटी फोडणीला घातली तर घरात कढीपत्ता नाही. तो नेहमी आत्याच आणायची, ओल्या फडक्यात गुंडाळून. मग म्हटलं, कुंडीतली दोन पानं काढू. हात पुढे केला तर इरा आडवी आली. वर्गात ती अजून सगळ्यांत बुटकीच आहे.

"याची नको. ते अजून लहान आहे."

"अगं, दोनच पानं!"

"असू दे ना त्याला लहान, आई. घाई काय आहे?"

मी गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसून पोटभर रडले. फार हलकं वाटलं. त्या दिवशी आमटी कढीपत्त्यावाचून झाली.