राहिलेलं कडवं

पुलाच्या मध्यावर आल्यावर तिने डोक्यावरची खुर्ची खाली ठेवली आणि मला म्हणाली, "बसा बाई, दमलात."

"बसू कुठे? हिला बूड कुठंय?"

"अगं बाई, हो की!" ती हसली, आणि आम्ही दोघी कठड्याला टेकलो.

कंडक्टरने खुर्ची बसमध्ये चढवू दिली नव्हती, म्हणून तिच्या घरापर्यंत चालत निघालो होतो. खुर्ची माझीच, वेताची, बैठक फाटलेली. आमच्या शाळेतल्या खुर्च्या तीच विणायची. सगळे तिला खुर्चीवालीच म्हणत. मी निवृत्त झाले तरी तिने माझ्याकडे येणं सोडलं नाही.

"बाई, दादा बोलला," ती एकदम म्हणाली.

मी चमकले. आठ महिन्यांपूर्वी तिच्या थोरल्या भावाला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. पाणी हवं असलं तरी नुसता घशातून आवाज. दोघांनीही लग्न केलं नाही. एका खोलीत, वेताच्या ढिगात, एकमेकांना धरून राहिलेली ही भावंडं.

"काय बोलला?"

"कविता. पाचवीच्या पुस्तकातली, नावाड्याची. परवा मी वेत भिजत घालत होते, तर मागून खणखणीत आवाज. घाबरून मी टबच लवंडला. तीन कडवी म्हणाला, एक शब्द चुकला नाही. आणि थांबला."

ती कविता मी तीस वर्षं शिकवली. तीरावर अडकलेली माणसं नावाड्याला हाका मारतात. तिसऱ्या कडव्यात धुकं दाटतं, घसे बसतात, पलीकडून काहीच येत नाही. चौथ्या कडव्यात धुक्यातून उत्तर येतं.

"मग चौथं?"

"त्याला कुठलं यायला? शनिवारी तिसरं कडवं झालं आणि रविवारी आमचे वडील गेले. सोमवारी दादा खुर्च्या विणायच्या दुकानात कामाला. अकरा वर्षांचा होता. त्याने कमावलं म्हणून मी सातवीपर्यंत शिकले. पाचवीत मी घरी मोठ्याने हीच कविता म्हणायचे. तिसऱ्यापर्यंत तोही सुरात सूर मिळवायचा. चौथं आलं की उठायचा. म्हणायचा, माझं इथवरच झालंय, पुढचं तुझं."

मी पाण्याकडे बघत राहिले. दर वर्षी ही कविता मी वर्गाकडून घोकून घेतली, आशय पाच ओळींत लिहायला लावला. मधेच गळालेल्या मुलांचं कुठलं कडवं राहिलं, हे कधी मनात आलं नाही. देवाची आठवण झाली. ती क्षमा मागण्यासाठी होती की आणखी कशासाठी, मलाच कळलं नाही.

"डॉक्टर म्हणतात, पाठ असलेलं येतं, त्यात विशेष नाही," तिने पदराने मान पुसली. "पण एखादी नवी गोष्ट शिकला, एखादा शब्द स्वतःहून बोलला, तर पुढे आशा आहे. म्हणून मी चौथं कडवं म्हणून दाखवते. तर डाव्या हाताने माझं तोंड दाबतो! काल भिंतीकडे तोंड करून पडला. मी म्हटलं, धाकटीकडून शिकायचं म्हणजे कमीपणा वाटतो होय रे? वाचा गेली, पण थोरलेपणा काही गेला नाही!"

ती हसली, पण डोळे भरून आले होते.

"आठ महिने मी एकटीच बोलतेय, बाई. सवालही माझे, जवाबही माझे. मला सगळं नको. एक शब्द पुरे."

तिने खुर्ची उचलली. मी हात लावला. आम्ही पूल उतरलो. तिच्या गल्लीच्या तोंडाशी ती पुन्हा थांबली. खुर्ची आता तिने छातीशी धरली होती.

"एक मागू का?"

"माग की."

"तुम्ही शिकवा त्याला. मी शिकवलं तर नाही घेणार, पण बाईंना नाही म्हणायची त्याची हिंमत नाही. जुनी पाटी मी पुसून ठेवलीय." ती जवळ आली. "पण लगेच कवितेला हात घालू नका. त्या सोमवारी त्याची हजेरी राहिलीय. आधी हजेरी घ्या. त्याचं नाव पुकारा, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, वर्गात पुकारतात तसं मोठ्याने. आणि तो काही म्हणेपर्यंत पुढचं नाव घेऊ नका."