पट्टीवरची खूण आणि गेनभाऊंची नजर

गेनभाऊंची आणि माझी पहिली भेट धूर सोडणाऱ्या एका जीपमुळे झाली. मढच्या एका गृहस्थाकडून मी ती जुनी जीप घेतली होती. धंद्यातली ती माझी पहिली गाडी. देताना त्यांनी बजावलं होतं, "गाडी झकास हाय, फक्त तेल पिती. रोज सकाळी बघायचं, कमी दिसलं की घालायचं." मागे निळा धूर सोडत मी राजुरी फाट्यावर गेनभाऊंच्या गॅरेजात पोचलो. गाडी मढहून घेतली एवढं ऐकून त्यांनी बॉनेटला हात लावण्याआधी मलाच प्रश्न केला.

"मढला ही उभी कुठं असायची?"

"घरापुढं."

"तोंड उताराकडं?"

"मग! सकाळी बॅटरी दमली तर नुसती सोडायची, आपोआप चालू हुती."

गेनभाऊ हसले. जीप सपाट जागी घ्यायला लावली, इंजिन बंद करवलं आणि चहा सांगितला. वर चढलेलं ऑईल इंजिनच्या तळाशी उतरेपर्यंत थांबायचं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! चहा संपल्यावर त्यांनी ऑईल मोजायची पट्टी ओढली, फडक्याने कोरडी केली, पुन्हा शेवटपर्यंत आत घातली आणि बाहेर काढून दोन्ही अंगांनी पाहिली. ऑईल वरच्या खुणेच्याही पुष्कळ वर गेलेलं होतं.

"पावणं, ही तेल पीत न्हाई. तुमी सगळी मिळून पाजताय तिला! उतारावर तेल पुढं सरकतं, पट्टीला लागत न्हाई. तुमाला वाटतं कमी झालं."

जादा ऑईल काढलं, धूर थांबला आणि मी त्यांचा झालो. तेव्हाची त्यांची नजर अशी होती की पट्टीवरचं नवं, पाण्यासारखं नितळ ऑईलसुद्धा कुठवर आहे ते त्यांना दारातल्या उजेडात एका झटक्यात कळायचं. आज पंच्याहत्तरी पूर्ण करताना ती नजर त्यांना सोडून चालली आहे. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. गौरवाच्या अंकात पहिल्याच पानावर हे लिहू नये, असं काहींना वाटेल. पण ते लपवून गेनभाऊंविषयी खरं काही लिहिता येणार नाही.

गेनभाऊ मूळचे मढचे, भातशेती करणाऱ्या घरातले. वर डोंगराच्या अंगाला सपाट अंगण कुणाचंच नाही. त्यामुळे माझ्या जीपचं जे झालं तेच तिकडच्या बहुतेक गाड्यांचं होत होतं. नुसतं सांगून भागत नाही हे ओळखून त्यांनी मढला रस्त्याकडेला एक जागा मागून घेतली. चार माणसं गोळा केली, भाताच्या खाचराला घालतात तसा तिला बांध घातला आणि पाणी सोडलं. जिथे पाणी खोल, तिथे भर. जिथे जमीन वर, तिथे कुदळ. सुकल्यावर मुरूम ठोकून बसवला. एकीमागे एक दोन जीपा उभ्या राहतील एवढीच ती जागा. तिला कुणी उद्घाटनाची फीत लावली नाही. आजही तिथे कुणी ट्रॅक्टर लावला तर जीपवाले ओरडतात, "ए राव, काढ तो! तेल बघायचंय."

ऑईल घालण्याची त्यांची रीतही पाहण्यासारखी होती. डबा कधी सरळ उपडा करायचा नाही. थोडं घालायचं, थांबायचं, पुन्हा पट्टी बघायची. घाई करणाऱ्याला ते म्हणत, "कमी पडलं तर घालता येतं. जास्ती पडलं तर गाडीखाली झोपावं लागतं. बघा, तुमची हौस!" जादा ऑईल आत घुसळून फेसाळतं, सील फोडून बाहेर येतं, हे त्यांनी आमच्यापैकी प्रत्येकाला सांगितलं आहे, आणि काही जणांना दर महिन्याला.

ऑईल खाली उतरेपर्यंतचा जो वेळ असे, त्यात गेनभाऊ माणसांची विचारपूस करत. आंबेगाव तालुक्यातले, घोडेगावकडचे चालकही वाट वाकडी करून त्यांच्याकडे येत, ते नुसत्या इंजिनासाठी नव्हे. मढचा किसन हा मालशेजच्या रस्त्यावर प्रवासी जीप चालवणारा. त्याची बायको गेली, तेव्हा त्याने गाडी विकायला काढली होती. गेनभाऊंनी त्याला सांगितलं, "विकायची तर वीक. पण विकंपातूर दर बुधवारी तेल दाखवून जायचं." गाडीला काहीच झालेलं नव्हतं. किसन बुधवारी यायचा, बाकावर बसायचा, चहा प्यायचा, कधी एक शब्द न बोलता जायचा. गाडी विकायची राहून गेली. तो अजूनही बुधवारी येतो.

याच किसनमुळे गेल्या वर्षी जे घडलं, ते सांगायला जड जातं.

त्या दुपारी मी गॅरेजात बसलो होतो. गेनभाऊंनी किसनच्या जीपची पट्टी काढली, डोळ्यांजवळ नेली, तिरकी केली, पुन्हा पुसली आणि "कमी हाय" म्हणत ऑईल घातलं. किसन "बरं नाना" म्हणून निघाला. गाडी पुढच्या बाभळीच्या वळणाआड गेली आणि तिथेच थांबली. मग बॉनेट उघडल्याचा आवाज आला. माझे कान जरा तिखट आहेत. हा आवाज गेले काही महिने मी ऐकत होतो. गेनभाऊंकडून निघालेली प्रत्येक गाडी त्या वळणाआड थांबे. चालक पट्टी पुन्हा बघत, जादा असेल ते काढत आणि कुणीही गेनभाऊंना कळू देत नसे.

मला वाटत होतं, फक्त मलाच ऐकू येतं.

"शेठ," गेनभाऊ म्हणाले, "किसन्याचं बॉनेट ना ते?"

"असंल कुणाचं तरी."

"मला डोळं न्हाईत म्हणून कानबी न्हाईत व्हय? लई दिस ऐकतोय. वाटायचं, आज तरी कुणी थांबणार न्हाई." वळणाकडे तोंड करून ते म्हणाले, "बोलवा त्याला."

मी फोन केला. किसन परत आला तो मान खाली घालूनच.

"किती वर हाय?"

"थोडंच हाय, नाना."

"थोडं म्हंजी?"

"बोटभर."

गेनभाऊ बाकावर बसले. हातातलं फडकं त्यांनी घडी घालून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "बोटभर म्हंजी थोडं न्हाई, लेकरा. बघितलंस ते बराबर केलंस. पर लपून कशापायी? हितं माझ्याम्होरं बघायचं आन् मोठ्यानं सांगायचं."

"तुमाला वाईट वाटंल म्हणून, नाना."

"वाटलंच की. म्हणून काय इंजिन जाळायचं?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पट्टी हातात धरली नाही. आता चालक स्वतः पट्टी काढतो, गेनभाऊ शेजारी उभे राहून विचारतात: पुसली का, पूर्ण आत गेली का, दुसऱ्या अंगाला काय दिसतं? दोन बाजूंना वेगळं दिसलं तर खालचं खरं धरायला लावतात. ऐकून झालं की "हं" म्हणतात. तो "हं" पूर्वीसारखा ठाम नाही. त्यांची कन्या सुनंदाताई गॅरेज बंद करा म्हणतात, आणि त्यांचंही चुकत नाही. नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपला जातात, फाट्यावरची वर्दळ आटली आहे. या दिवाळीनंतर गॅरेजचं दार उघडेल की नाही, हे मी विचारलं तेव्हा गेनभाऊ म्हणाले, "कोण वाजवंल त्याला उघडू. न्हाई वाजवलं तर न्हाई."

गेनभाऊंना दीर्घायुष्य लाभो, हात-पाय असेच चालते राहोत आणि जो काही उजेड उरला आहे तो त्यांच्याजवळ शेवटपर्यंत टिको, ही आम्हा सर्व चालक-मालकांची मनापासून प्रार्थना. शेवटच्या मागणीबद्दल डॉक्टर आशा देत नाहीत, तरीही ती आम्ही करतो.

समारंभाला येणाऱ्यांना एक विनंती. गेनभाऊंच्या समोर उभं राहून नुसते हात जोडू नका. ते त्यांना दिसत नाहीत, आणि कुणी तरी आलं होतं, बोललं नाही, असं त्यांना नंतर दिवसभर लागून राहतं. आधी नाव सांगा, गाव सांगा, आणि मग आपला हात त्यांच्या हातात द्या.