गोचीड चावलेली बाई

धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी शाळेतून तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढून अमेरिकेला गेले होते. तिच्या घरामागे रान होतं. "ताई, गवतात जाऊ नकोस," असं तिने बजावलं होतं. पण बाळाची दुपटी उन्हातच वाळली पाहिजेत हा माझा हट्ट. पुढच्या अंगणात कपडे वाळत घातलेले तिथल्या शेजाऱ्यांना खपत नाहीत म्हणे. म्हणून मी मागे दोन झाडांना दोरी बांधली आणि रोज सकाळी गुडघाभर गवतातून ये-जा करू लागले. तिथेच केव्हातरी मला गोचीड चावली. चावली तेव्हा कळलंही नाही. मांडीवर मोठं लाल वर्तुळ उठलं, तो मला नायटा वाटला. घरून नेलेलं मलम चोळलं. काही दिवसांनी वर्तुळ गेलं आणि मी चॉकलेटं घेऊन नेरूळला परत आले.

दोनेक महिन्यांनी उजवा गुडघा सोललेल्या नारळाएवढा झाला. ताप यायचा, जायचा. अंग असं दुखायचं की साडीच्या निऱ्या करता करता मध्ये बसावं लागे. पहिल्या डॉक्टरांनी संधिवात म्हटलं, दुसऱ्यांनी मलेरिया. तिसऱ्यांनी रिपोर्ट बाजूला सारून विचारलं, "मॅडम, टेन्शन फार घेता का?"

"मी सातवीला गणित शिकवते," मी म्हणाले. "टेन्शन देते, घेत नाही."

शेवटी निदान केलं धाकटीने, तेही फोनवर. मी बोलता बोलता त्या नायट्याचा उल्लेख केला आणि तिने मला मध्येच थांबवलं.

"ताई, ते वर्तुळ पसरत गेलं होतं का?"

"हो. चांगलं बशीएवढं झालं होतं."

"अगं, मग तो लाइम असणार! गोचिडीमुळे होतो. आमच्या गल्लीत दोघांना झालाय."

तिने माहितीच्या कागदांचा जाडजूड गठ्ठा पाठवला. तो घेऊन आम्ही मुंबईतल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळे कागद वाचले, गुडघा तपासला, रक्त घेतलं आणि पुढच्या खेपेला खुशीत म्हणाले, "पुस्तकात वाचला होता. बघतोय पहिल्यांदाच." महिनाभराच्या कॅप्सूल दिल्या. ताप गेला, सूज उतरली. थकवा मात्र गेला नाही. सांधे आलटून पालटून दुखत राहिले. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "जंतू बहुधा गेलेत. तरी काही जणांना हे मागे राहतं. का, ते मलाही सांगता येणार नाही. अंगाला झेपेल तसं करा."

झेपत नव्हतं ते लोकांना समजावणं. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी लाइम म्हणजे लिंबू हे पक्कं धरलं आणि माझ्यासमोर पोह्यांवर लिंबू पिळणं बंद केलं. शाळेतल्या शिपायाला वाटलं, मी चुना खाते. दारावर मासे घेऊन येणारी गावातली मावशी तेवढी शास्त्रशुद्ध निघाली. टोपली खाली ठेवून तिने माझा गुडघा नीट पाहिला.

"गो बाय, गोचीड तं म्हशीला चावतं. मानसाला कवापासून चावाय लागलं?"

"अमेरिकेत चावते, मावशी."

"तिथं म्हशी नाय वाटतं," ती म्हणाली आणि बोंबील मोजायला लागली.

दुखण्यापेक्षा डोक्यातलं धुकं वाईट होतं. ऐन वेळी शब्द गायब व्हायचे. एकदा वर्गात फळ्यासमोर उभी राहून मी म्हणाले, "जरा ते दे रे, ते पांढरं, लिहायचं." पहिल्या बाकावरच्या मुलीने गंभीरपणे खडू आणून दिला. दुसऱ्या दिवसापासून सगळा वर्ग खडूला 'ते पांढरं' म्हणू लागला. मग मी सगळं चिठ्ठ्यांवर लिहायला लागले. 'गॅस बंद', 'कुलूप', 'आज गुरुवार'. गुरुवारची चिठ्ठी शनिवारपर्यंत दारावर राहिली आणि माझ्याबरोबर यांचाही एक उपास जास्त घडला.

पण खरा प्रश्न होता जिन्याचा. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. शाळेतून येताना दुसऱ्या मजल्यापर्यंत मी कशीबशी पोचायची आणि तिथेच पायरीवर बसायची. चार दिवस हे पाहून यांनी घरातली एक प्लास्टिकची खुर्ची दुसऱ्या मजल्याच्या वळणावर नेऊन ठेवली. मी दहा मिनिटं बसायची, मग पुढे चढायची. फार सुखाची खुर्ची होती ती.

आठवड्यातच तिच्यावर इतरांचा डोळा गेला. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा तिथे पेपर वाचू लागले. वहिनी भाजीची पिशवी टेकवू लागल्या आणि पाठोपाठ स्वतःही टेकू लागल्या. मी दमून भागून पोचले की खुर्चीवर कोणीतरी असायचंच. "बसा ना मॅडम," ते म्हणायचे, पण उठायचे मात्र गप्पा संपल्यावर.

आणि मग नोटीस लागली, 'जिन्यात वैयक्तिक फर्निचर ठेवू नये.' आमचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहायचे. जिना त्यांनी फक्त खालून पाहिलेला.

सोसायटीच्या मीटिंगला मी मुद्दाम गेले. सेक्रेटरी म्हणाले, "आज खुर्ची आली, उद्या कोणी पलंग आणून टाकेल. शिस्त म्हणून काही आहे की नाही? आणि मॅडम, आजार तरी नक्की कसला आहे तुम्हाला?"

मी उभी राहिले. भाषण पाठ केलं होतं. "हा आजार," मी म्हणाले, "एका छोट्या किड्यामुळे होतो. त्याला म्हणतात..."

शब्द गेला. सगळी बिल्डिंग माझ्याकडे बघतेय आणि माझ्या डोक्यात झुरळ, ढेकूण, डास सगळे हजर, तेवढा एकच गैरहजर. आता रडू येणार असं वाटलं.

"गोचीड!" मागून आजोबा ओरडले.

"गोचीड, गोचीड!" वहिनी, त्यांची सासू, पहिल्या मजल्यावरची दोन्ही घरं, सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. सेक्रेटरींची बायकोसुद्धा त्यात होती. मला हसू आलं ते आवरेना आणि सगळेच हसत सुटले. सेक्रेटरी थोडा वेळ वहीत काहीतरी लिहीत बसले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण भिंतीला लावून ठेवा. येण्याजाण्याला अडचण नको."

पुढच्या महिन्यात पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावरही एकेक खुर्ची आली. त्या कोणी ठेवल्या, ते मीटिंगमध्ये कोणी विचारलं नाही.

पूर्ण बरी अशी मी झालेच नाही. पण तीन-चार वर्षांत दुखण्याची रीत कळली. दोन तास शिकवलं की एक तास बसायचं. रविवारी पाहुणे नकोत. गुडघा कुरकुरू लागला की ताणायचं नाही. अजूनही वाईट दिवस आला की मी पडून राहते आणि हे कुकर लावतात. भात हमखास कच्चा राहतो. मी तो गुपचूप खाते आणि "छान झालाय" म्हणते. कारण खरं सांगितलं, तर पुढच्या वेळी कसा लावायचा ते दाखवायला मलाच उठावं लागेल.