कुंकू लागलेली पदवी

फोन आला तेव्हा मी वॉर्डातल्या आजोबांना गोळ्या देत होते. नाव दिसलं विजयाबाईंचं, म्हणजे अक्काच्या मैत्रिणीचं. त्या मला कधीच फोन करत नाहीत. गोळ्या देऊन झाल्या, ग्लास जागेवर ठेवला, मग बाहेर येऊन फोन घेतला. “सगुणा गेली गं,” एवढंच त्या म्हणाल्या. जर्मनीतून कुंभकोणमला पोचायला मला दोन दिवस लागले. तोवर सगळं आटोपलं होतं. कावेरीकाठची राख थंड झाली होती... मी मात्र मनातल्या मनात अक्काशी भांडतच घरात शिरले, की माझ्यासाठी थांबायला काय झालं होतं तुला.

अक्का माझी सख्खी मोठी बहीण, पंधरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून तीच माझी आई आणि तीच माझी हेडमास्तरीण. सरकारी शाळेत गणित शिकवायची. गावभर ‘सगुणा टीचर’. घराबाहेर अस्खलित तमिळ, उंबऱ्याच्या आत आमची तंजावरची मराठी. पुण्याचे पाहुणे तिचं बोलणं ऐकून हसायचे, म्हणायचे, जुन्या बखरीतून कुणी बोलतंय असं वाटतं. ती त्यांना म्हणायची, “तुम्ही भाषा बदलली, आम्ही राखली. हसायचं कोणी?” लग्न तिनं केलं नाही. ते माझ्यामुळे, असं नातेवाईक म्हणत. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “स्थळ आलं त्यास साधं व्याज काढतां येत नव्हतं.” खरं-खोटं तिलाच ठाऊक.

अक्काकडे नुसता शिक्षिकेच्या ट्रेनिंगचा दाखला होता; मी नर्सिंगची पदवी घेतली तेव्हा आमच्या घराण्यात पहिल्यांदाच बाईमाणसाच्या नावानं विद्यापीठाचा शिक्का आला होता. त्या वर्षी सरस्वतीपूजेला पुस्तकांची चळत मांडली आणि अक्कानं अगदी वर माझी पदवी ठेवली. आमच्याकडे त्या दिवशी पुस्तक, पेन, शिलाईचं मशीन, ज्याच्या जिवावर घर चालतं त्या सगळ्याला गंधकुंकू लागतं. पदवीला तिनं ते लावलं बरोब्बर शिक्क्यावर. शिक्का गोल, तिला तीच जागा योग्य वाटली. दुसऱ्या दिवशी कुंकू ओघळून सहीपर्यंत गेलेलं पाहिलं, तेव्हा पुसलं तर देवीचा अपमान म्हणून पुसलं नाही. उलट आणखी खराब होऊ नये म्हणून बाजारात नेऊन लॅमिनेशन करून आणलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे इथे कबूल करते. चांगली सात वर्षं ती पदवी कपाटात कुंकवासकट चकाकत होती.

मग जर्मनीतल्या एका रुग्णालयाची नोकरी चालून आली. तिथे परिचारिका म्हणून काम करायचं तर आधी इथली पदवी त्यांनी मान्य करायला हवी. त्यासाठी मूळ पदवीवर आपल्या सरकारचा शिक्का हवा. चेन्नईच्या सरकारी कचेरीत खिडकीवरच्या माणसानं पदवी उजेडात धरली, उलटी केली, परत दिली. प्लास्टिकवर शिक्का मारत नाहीत. प्लास्टिक काढू म्हटलं तर खालचा विद्यापीठाचा शिक्का कुंकवानं वाचता येत नाही. विद्यापीठातून दुसरी प्रत आणा. विद्यापीठातला कारकून म्हणाला, हरवली म्हणून अर्ज करा, पोलिसांचा दाखला जोडा, लवकर होईल. दाखला आणून देणारे लोक फाटकाबाहेरच उभे असतात. रुग्णालयानं जागा तीन महिने राखून ठेवली होती, त्यातला एक तर संपलाच होता. मी अक्काला म्हटलं, पदवी तुझ्याच कपाटात असायची, तूच ‘टपालानं पाठवली, प्रवासात हरवली’ असं लिहून सही कर.

“कागद घरांत आहे,” अक्का म्हणाली. “हरवला म्हणून लबाड कां लिहूं?”

मग मी जे बोलले ते तसंच लिहिते. “तुला काय जातंय? तू लवकर निवृत्ती घेतलीस, पेन्शन चालू आहे. तुझ्या पूजेपायी माझा जन्म वाया चाललाय.” दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का छत्री, दहीभाताचा डबा आणि पदवी घेऊन चेन्नईच्या बसमध्ये बसली आणि तिथे मामेभावाकडे तिनं मुक्काम ठोकला.

रोज दहाला ती विद्यापीठाच्या बाकावर जाऊन बसायची. तिनं नियमांचं पुस्तक मागितलं आणि पहिल्या पानापासून वाचून काढलं. पदवी खराब झाली तर मूळ परत घेऊन नवी द्यावी, असा नियम त्यात सापडला. नियम होता, पण त्याचा छापील अर्ज कुणी पाहिलेला नव्हता. अक्कानं कागद मागितला, पट्टी काढली, रकाने आखले आणि तो अर्ज स्वतःच तयार केला. खराब होण्याचं कारण या रकान्यात लिहिलं, सरस्वतीपूजा. अधिकारी म्हणाले, “असं कुठे लिहितात का, टीचर? पाण्यानं भिजली म्हणा.” ती म्हणाली, “पाण्यानं नाही सर, कुंकवानं. आणि तें मी लावलं.” हे सगळं मामेभावानं मला नंतर सांगितलं, तिनं अवाक्षर काढलं नाही. अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची बैठक दोनदा पुढे गेली. दोन्ही वेळा बातमी घेऊन घरी न येता ती दुसऱ्या दिवशी दहाला बाकावर हजर. मुदतीला नऊ दिवस उरले असताना नवी पदवी घेऊन ती आली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “आतां नीट ठेव. जेवण जाहलं कां?”

मी तिची माफी मागितली नाही. घाई होती, व्हिसा होता, बॅगा होत्या... कारणं काय, सापडतातच. जर्मनीतही लगेच काही झालं नाही. त्यांनी प्रत्येक विषयाचे तास मोजले, कमी भरले म्हणून मला मदतनीस म्हणून राबवलं, त्यांच्या भाषेत परीक्षा घेतली. पहिल्यांदा नापास झाले तेव्हा परत यावंसं वाटलं. पण ते बाक डोळ्यांसमोर यायचं आणि मी पुन्हा अभ्यासाला बसायची. अखेर मान्यता मिळाली. फोनवर सांगितलं, तर अक्का म्हणाली, “तास नीट मोजले ना त्यांनी?” आणि कितीतरी वेळ हसत राहिली.

आता तिच्या पेन्शनचं खातं बंद करायचं तर मृत्यूचा दाखला हवा. कुंभकोणमच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातला कारकून तिचाच विद्यार्थी निघाला. खुर्चीवरून उठला, डोळे पुसले, म्हणाला, “टीचरांचं काम मी आजच करून देतो, अम्मा. फक्त घरी वारल्या असं लिहा.” अक्का घरी वारली नव्हती. पट्टीश्वरमला विजयाबाईंकडे जेवायला गेली होती, दुपारी तिथेच झोपाळ्यावर तिचे डोळे मिटले. ती हद्द वेगळी, नोंद तिथे व्हायला हवी, आणि दहन कुंभकोणमला झाल्यामुळे तिथल्या वरच्या साहेबांची परवानगीही हवी. माझं विमान रविवारचं होतं. एका शब्दाचा तर प्रश्न होता. मी पेन उचललं, तेही खरं.

मग अर्ज त्याच्याकडे परत सरकवला. म्हटलं, “पट्टीश्वरमला गेली. तसंच लिहायचं.”

“उशीर होईल, अम्मा.”

“होऊ दे.”

पट्टीश्वरमला साहेबांच्या दाराशी एक बाक आहे. तिथे बसले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं. अक्का, चुकलं माझं, असं त्या भिंतीकडे बघत मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली. विमानाचं तिकीट पुढे ढकललंय, रुग्णालयाला खरं कारण कळवलंय. दाखला अजून हातात आलेला नाही. उद्या पुन्हा जाणार आहे. साहेब दहाला येतात.